गुलमर्गच्या उतारावरचं पहिलं वळण

सहलीला गेल्यावर घरच्या बाईची जागा कुठे असते, सांगा बरं? बाकावर! मुलं घोड्यावर बसतात, हे फोटो काढत हिंडतात, आणि आपण बाकावर बसून सगळ्यांचे स्वेटर, पाण्याच्या बाटल्या आणि लाडवांचा डबा सांभाळतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी मी तेच केलं, गणपतीपुळ्याला समुद्रावरही तेच केलं. त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत काश्मीरला जायचं ठरलं तेव्हा तिथेही बर्फात कुठेतरी एक बाक असेल आणि तो आपला असेल, असंच मी धरून चालले होते.

खरं सांगायचं तर मला बाक आवडायलाही लागला होता. त्याला एक कारण होतं. आम्ही साताऱ्याला राहतो. आमच्या घराकडून शाळेकडे जाताना एक चांगलाच उतार लागतो. मी त्या शाळेत सकाळचे चार तास इतिहास आणि मराठी शिकवते. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या उतारावर माझ्या स्कूटरपुढे एक कुत्रं आडवं आलं. कुत्रं वाचलं, पण रस्त्याकडेचा चर मला दिसला, माझी नजर त्याच्यावर खिळली आणि मी सरळ त्या चरातच गेले! डावा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. “जिवावरचं हातावर निभावलं,” असं म्हणून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि स्कूटरवर मी स्वतःच्या हातानं आच्छादन घातलं. ते पुन्हा काढलं नाही. सकाळी हे मला शाळेत सोडू लागले, परत येताना रिक्षा. हे गावाला गेले की दोन्ही वेळा रिक्षा. मुख्याध्यापिकाबाईंनी दुपारचेही तास घ्याल का म्हणून विचारलं, तर मी “घरचं जमणार नाही हो,” म्हणून सांगितलं. घरचं जमत होतं. जमत नव्हता तो उतार.

तर अशी मी, आणि निघाले कुठे, तर गुलमर्गला. म्हणजे जिथे सगळा उतारच उतार!

पांढरी वाटी

श्रीनगर, दल सरोवर, शिकारा, मोगल बागा यांच्यावर आपल्यातल्या इतक्या जणींनी लिहिलं आहे की मी पुन्हा लिहीत नाही. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. तंगमर्गपर्यंत रस्ता सपाट आहे आणि पुढे तेरा किलोमीटरचा घाट. तंगमर्गला गाडीच्या चाकांना लोखंडी साखळ्या बांधतात, कारण पुढे रस्त्यावर बर्फ. तिथेच गमबूट आणि लांब कोट भाड्यानं मिळतात.

गाडीवाला सांगत होता, त्या वर्षी जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हता. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांना ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्यात पडलेला बर्फ म्हणजे वर्षभराच्या पाण्याची बेगमी. तो काळ जवळजवळ कोरडा गेला. घाटातली गवतं पिवळी, हॉटेलं रिकामी, स्की शिकवणारे लोक हात चोळत बसलेले. महिनाअखेरीस एकदाचा बर्फ आला. आम्ही पोहोचलो तेव्हा ‘चिल्लई खुर्द’, म्हणजे धाकट्या थंडीचे वीस दिवस चालू होते आणि सगळीकडे पांढरं झालं होतं. पाऊस लांबला की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं आणि मग आल्यावर जे दिसतं, ते दोन्ही त्या गाडीवाल्याच्या बोलण्यात होतं.

गुलमर्ग म्हणजे फुलांचं कुरण. उन्हाळ्यात ते खरंच तसं असतं म्हणे. हिवाळ्यात मात्र ती एक मोठी पांढरी वाटी. उंची साडेआठ हजार फुटांहून जास्त. कडेनं देवदार आणि पाइनची झाडं, मागे अफरवटचा डोंगर. त्या डोंगरावर दोन टप्प्यांची गोंडोला, म्हणजे दोरीवरचे पाळणे, जातात. कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला आणि वरचा २००५ साली. तो वरचा टप्पा जवळजवळ तेरा हजार फुटांवर नेऊन सोडतो.

इथे स्कीचा खेळ आणला इंग्रजांनी. १९२७ साली त्यांनी इथे स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली जनरल थिमय्यांच्या पुढाकारानं लष्कराची स्की शाळा इथेच निघाली. आज तिचंच उंच पर्वतांवरच्या युद्धाचं शिक्षण देणारं मोठं विद्यालय झालं आहे. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग शिकवणारी संस्थाही इथे आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता तो आरिफ खान, आणि तो याच परिसरात वाढलेला. आणि बायकांचं म्हणाल, तर १९८८ सालीच शैलजा कुमार कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालम, म्हणजे खांबांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीत, उतरल्या होत्या. मनालीकडच्या आंचल ठाकूरनं २०१८ साली तुर्कस्तानात ब्राँझपदक मिळवलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं का?

पैसे वाया कसे जाऊ द्यायचे?

ह्यांनी स्वतःचे आणि अकरा वर्षांच्या लेकीचे चार दिवसांच्या शिकवणीचे पैसे आधीच भरले होते. माझं नाव अर्थातच नव्हतं. पहिल्या दिवशी मी बाक शोधून थर्मास घेऊन बसले. दुपारी हे परत आले ते लंगडत! गुडघा मुरगळला होता. डॉक्टरांनी घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं, पण पुढचे चार दिवस बर्फात पाय ठेवायचा नाही अशी ताकीद दिली.

“मग तुमच्या तीन दिवसांच्या पैशांचं काय?” मी विचारलं.

“गेले,” हे म्हणाले.

मैत्रिणींनो, तुम्हीही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? उरलेल्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपण! भरलेले पैसे वाया जाताना मला बघवेना. “बदली माणूस चालतो का, विचारा तरी,” असं मी म्हणून गेले आणि मग जीभ चावली. पण तोवर लेक टाळ्या पिटत सुटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाकावर थर्मास घेऊन बसले आणि मी भाड्याच्या दुकानात बूट चढवत होते. तो देखावा बघायला सासूबाई हव्या होत्या!

स्कीचे बूट म्हणजे पायाला घातलेलं प्लास्टरच. घोटा मुळी हलतच नाही. त्या बुटाला पुढे झुकलेली जीभ असते आणि आपली नडगी तिच्यावर टेकते. हे टेकणं फार महत्त्वाचं, ते पुढे सांगते. स्की म्हणजे साधारण हनुवटीइतक्या उंचीच्या दोन पट्ट्या. मी त्यांना नुसत्या फळ्या समजत होते. पण नीट पाहिलं तर टोकाशी रुंद, मध्ये कंबरेत बारीक आणि शेवटी पुन्हा रुंद. दोन्ही कडांना विळीच्या पात्यासारखी पोलादी कड. बूट स्कीवर ‘खट्’ करून बसतो आणि आपण जोरात पडलो तर आपोआप सुटतो, म्हणजे पाय मुरगळू नये.

आमचे शिकवणारे पन्नाशीचे काश्मिरी गृहस्थ होते. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. लहानपणी गावात लाकडाच्या फळ्या पायाला बांधून ते शिकले होते. त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती पडण्याची. पडायचं ते बाजूला, डोंगराच्या अंगाला. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून शरीराच्या खालच्या बाजूला घ्यायच्या आणि मगच उठायचं. मी स्की खालच्या दिशेला ठेवूनच उठायला गेले. उठले, आणि उभी राहिले न राहिले तोच निघाले! पुन्हा पडले. पहिल्या तासात मी किती वेळा पडले ते लेकीनं मोजलं होतं. आकडा इथे देत नाही.

समोसा

मग आलं थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या आणि आतल्या कडांवर किंचित रेलायचं. दोन पट्ट्यांचा त्रिकोण झाला की बर्फ खरवडला जाऊन वेग कमी होतो. जगभर नवशिक्यांना हेच आधी शिकवतात. आमची लेक मागून ओरडायची, “आई, समोसा कर, समोसा!” समोसा मोठा केला की थांबायचं, लहान केला की वेग वाढायचा. दुपारपर्यंत मला समोसा जमला. थांबता येतं म्हटल्यावर निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी वळणात होती.

वळण नसेल तर स्की म्हणजे नुसतं घसरणं. उतारावर वेग आवरण्याचा खरा उपाय ब्रेक नव्हे, वळण. सरळ खाली जाण्याऐवजी आडवं जायचं, वळायचं, उलट बाजूनं आडवं जायचं, पुन्हा वळायचं. आपल्या घाटाच्या रस्त्यासारखं. घाट नागमोडी काढतात तो याचसाठी ना?

आता वळायचं कसं? मला वाटलं, सायकलचं हँडल फिरवतो तसं अंग फिरवायचं. मी खांदे फिरवले, मान फिरवली, हात हवेत फिरवले. स्की मात्र आपल्या सरळ! चाचा खालून ओरडले, “मॅडमजी, लेफ्ट जाना है तो राइट पैर दबाओ!”

डावीकडे जायचं तर उजवा पाय? हे काय उफराटं? पण नीट विचार केला तेव्हा कळलं. समोश्यात उजव्या स्कीचं तोंड मुळातच डावीकडे असतं आणि डावीचं उजवीकडे. दोघींवर सारखा भार असेल तर दोघी एकमेकींना अडवतात आणि आपण सरळ जातो. उजवीवर भार दिला की ती तिच्या तोंडासमोर, म्हणजे डावीकडे घेऊन जाते. घरात दोघांची तोंडं दोन दिशांना असली की ज्याचं वजन जास्त त्याच्या दिशेनं संसार जातो, तसंच की हे!

उजवा पाय दाबून मी डावीकडे वळले. एकदा, दोनदा, पाचदा. पण उजवीकडे काही केल्या वळता येईना. त्यासाठी भार डाव्या पायावर द्यायचा, म्हणजे डाव्या बाजूला झुकायचं. आणि डावी बाजू म्हणजे माझी पडलेली बाजू. डावा पाय दाबायची वेळ आली की माझं अंग आपसूक मागे जायचं आणि मी डोंगराकडे रेलून बसायची. मागे बसलं की नडगी बुटाच्या जिभेवरून सुटते, स्कीच्या टोकांवरचा भार जातो आणि टोकं उचलल्यासारखी होतात. मग ती ऐकत नाहीत, नुसती पळत सुटतात. म्हणजे भीतीनं जे करावं त्यानंच वेग वाढतो. तिन्ही वेळा मी जाळीच्या कुंपणात जाऊन अडकले.

संध्याकाळी चाचांनी आमच्याबरोबर कहवा घेतला. कांगडी फेरनच्या आत घेऊन ते म्हणाले, “मॅडमजी, आप पहाड़ को पकड़ती हो. पहाड़ किसी को नहीं पकड़ता. नीचे की तरफ़ भरोसा करो.”

रात्री रजईत मी त्यावर विचार करत पडले. माझं अंग ठणकत होतं आणि शेजारी हे गुडघ्याला शेक घेत होते. “उद्या नाही गेलीस तरी चालेल हं,” हे म्हणाले. ते मायेनं म्हणाले, मला ठाऊक आहे. स्कूटरच्या वेळीही असंच म्हणाले होते. आणि मला ते तेव्हा किती बरं वाटलं होतं!

दाबा आणि थांबा

तिसऱ्या दिवशी चाचांनी मला जरा वरच्या उतारावर नेलं. तिथे आधी नुसतं आडवं जायला शिकवलं. आडवं जाताना सगळा भार दरीकडच्या, म्हणजे खालच्या पायावर असतो. त्याची कड बर्फात रुतलेली असते आणि तीच आपल्याला धरून ठेवते. आता वळायचं म्हणजे काय, तर जिनं धरलं आहे ती कड सोडायची आणि भार वरच्या पायावर घ्यायचा. कारण वळण पूर्ण झालं की वरचा पाय खालचा होणार असतो. वरच्या स्कीची टाच जरा बाहेर काढायची, तिच्यावर भार द्यायचा, ती आधी दरीकडे तोंड करते, मग पलीकडे वळते, आणि मग दुसरी स्की तिच्याजवळ आणून ठेवायची. एवढंच.

पण मधला तो क्षण! वरून पाणी सांडलं तर ते ज्या वाटेनं सरळ खाली जाईल, त्या वाटेला क्षणभर दोन्ही स्कींची तोंडं लागतात. जुनी कड सुटलेली असते आणि नवी अजून लागलेली नसते. वळणाची सुरुवात म्हणजे हाच क्षण. आणि शिकणारा नेमका इथेच हाय खातो, झटका देऊन चटकन पलीकडे जायला बघतो. झटका दिला की तोल जातो.

मीही झटके देत होते. चाचा म्हणाले, “घुमाओ मत. दबाओ, और इंतज़ार करो. स्की खुद घूमेगी.”

खुद घूमेगी? आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढे माझंच स्वयंपाकघर आलं. मागच्याच दिवाळीत मी लेकीला पोळ्या शिकवत होते. ती दर लाटण्याला पोळी हातानं उचलून फिरवायची आणि पोळी चिरमटायची. मी काय सांगत होते तिला? “अगं, हातानं फिरवू नकोस. लाटण्याला एका बाजूनं किंचित भार दे आणि लाटत राहा. पोळी आपली आपण फिरते.” वीस वर्षं मी रोज हेच करते आहे! आपण सगळ्याच करतो. फिरवायचं नाही, भार द्यायचा.

मी आडवी निघाले. नडगी बुटाच्या जिभेला टेकवली. चाचांनी सांगितलं होतं तसं कुंपणाकडे न बघता, पलीकडे जिथे जायचं होतं त्या देवदाराकडे बघितलं. डाव्या पायावर हळूहळू भार दिला, लाटण्यावर देतात तसा. टोकं दरीकडे वळली. पोटात गोळा आला. मी मागे बसले नाही. मनात एक, दोन, तीन म्हटलं आणि स्की पोळीसारखी गोल आली! मी उजवीकडे वळले होते आणि उभी होते.

मागे वळून पाहिलं तर बर्फात माझ्या वळणाची रेघ उमटली होती. वाकडीच होती, पण माझी होती. खाली बाकावरून हे टाळ्या वाजवत होते आणि त्यात थर्मासचं झाकण बर्फात पडलं ते शेवटपर्यंत सापडलं नाही. असो.

हे शोधलं कुणी?

घरी आल्यावर मास्तरणीची सवय, वाचून काढलं. स्की ही उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली फार जुनी वस्तू, पण तिच्यावर वळायची विद्या गेल्या दीडशे वर्षांतली. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेडालचे सोंद्रे नूरहाइम यांनी एकोणिसाव्या शतकात बूट टाचेभोवती बांधण्याची युक्ती केली आणि कंबरेत बारीक अशी स्की वापरली. त्यामुळे स्की पायाच्या हुकमात आली. त्या भागावरून एका वळणाला टेलेमार्क म्हणतात आणि दुसऱ्याला, ओस्लोच्या जुन्या नावावरून, क्रिस्तियानिया.

पण नॉर्वेतले उतार बरेचसे सौम्य. आल्प्सचे कडे उभे. तिथे ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्ड गावी माथियास झ्दार्स्की यांनी उभ्या उतारावर त्रिकोण करून, एकाच लांब काठीच्या आधारानं वळायची पद्धत बसवली आणि १८९६-९७ च्या सुमारास त्यावर पुस्तक लिहिलं. मग आले हान्नेस श्नायडर. १९०७ साली, जेमतेम सतराव्या वर्षी, ते आर्लबर्ग भागातल्या सांक्ट आन्टोनला शिकवू लागले. त्यांचं मोठेपण असं की त्यांनी पायऱ्या लावल्या: आधी त्रिकोण, मग त्रिकोणातून वळण, मग एक स्की उघडून वळण, आणि शेवटी दोन्ही स्की जवळ आणून घसरतं वळण. जे मुलखावेगळ्या धाडसी माणसांनाच जमायचं, ते शिस्तीत शिकलं तर कुणालाही जमतं, हे त्यांनी दाखवलं. शिक्षिका म्हणून मला हे फार भावलं. १९३८ साली ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर या माणसाला अटक झाली. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिका गाठली आणि तिथे नॉर्थ कॉन्वेला पुन्हा शिकवायला सुरुवात केली.

पुढे फ्रान्सच्या एमिल आले यांच्या पद्धतीनं त्रिकोण वगळून दोन्ही स्की पहिल्यापासून समांतर ठेवण्यावर भर दिला. १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियाच्या श्टेफान क्रुकेनहाउझर यांनी लहान-लहान, लयदार वळणांची तऱ्हा शिकवणीत आणली. आणि १९९० नंतर कंबर जास्त बारीक असलेल्या आखूड स्की आल्या. त्या कडेवर कलल्या की स्वतःच कमानीसारख्या वाकतात आणि वळतात. म्हणून आज आपल्यासारखीला तीन दिवसांत वळता येतं. त्रिकोण आधी की समांतर आधी, यावर शिकवणाऱ्यांत अजूनही वाद होतात. पण दरीकडच्या होणाऱ्या पायावर भार देण्याला पर्याय कुणालाच सापडलेला नाही.

जायचं असेल तर

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर अनुभवाच्या चार गोष्टी. निघण्यापूर्वी महिनाभर दूध तापेपर्यंत ओट्याशी एका पायावर उभं राहायची सवय करा, आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं राहा. मांड्यांना बळ येतं. अंगाशी सुती बनियन नको. ते घाम धरून ठेवतं आणि मग गारठा लागतो. लोकरीचं किंवा चटकन वाळणारं घाला. स्कीच्या बुटात मोज्यांचा एकच लांब जोड. दोन घातले तर सुरकुत्या पडून पाय चेमटतो. पायांची नखं कापून जा. हातमोजे दोन जोड न्या, एक ओला होतोच. डोक्याला हेल्मेट मागून घ्या. बर्फावरून ऊन परावर्तित होऊन चेहरा भाजतो, तेव्हा काळा चष्मा, सूर्यकिरणांपासून वाचवणारं क्रीम आणि ओठांना व्हॅसलीन हवंच. लाज न बाळगता सगळ्यात लहान उतारावर शिका. गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावरून दिसणारे मोकळे उतार फार सुंदर दिसतात, पण तिथे हिमलोट कोसळतात आणि माणसं दगावतात. ते जाणत्यांचं, जाणत्या वाटाड्याबरोबरचं काम. आपण लांबूनच हात जोडावेत.

आणि कुणी म्हणालं की “तू बस बाकावर”, तर एकदा तरी विचारून बघा, “बदली माणूस चालतो का?”

साताऱ्याला परत आल्यावर दोन रविवार मी स्कूटरकडे नुसतं बघत होते. तिसऱ्या रविवारी पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना, आच्छादन काढलं. बॅटरी उतरली होती, ती मेकॅनिकनं बदलून दिली. मग एकदाची उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तो चर तसाच होता. त्याच्याकडे बघायचं नाही, एवढं मला आता ठाऊक होतं. उताराच्या शेवटी गुलमोहराचं एक झाड आहे, त्याच्याकडे बघितलं आणि निघाले.

त्या जूनपासून मी दुपारचेही तास घेऊ लागले. ह्यांना आता सकाळी दहा मिनिटं जास्त झोपायला मिळतं, त्याबद्दल ते मला धन्यवाद देतात. सासूबाई मात्र मी घरातून निघाले की अजूनही देवाकडे बघून हात जोडतात. पावसात तो उतार आला की माझ्याही पोटात गोळा येतो, खोटं कशाला सांगू? पण तो क्षण तीन आकडे मोजण्याइतकाच असतो. तेवढा वेळ मागे बसायचं नाही.